मंत्रीकाकांचे राजीनामे

मंत्रीकाकांनी आमच्या इराच्या वाढदिवसाचा राजीनामा दिला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वाढदिवसाचाही राजीनामा देता येतो.

झालं असं, की संगीत खुर्चीला आम्ही त्यांना पंच नेमलं होतं. बाद झालेली एक चिमुरडी रडायला लागली आणि मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला गुपचूप परत खेळायला घेतलं. काकांनी ते पाहिलं. टोपी उचलून शेजारी आपल्या घरी गेले. पाच मिनिटांत आमच्या दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. इरा इथे इंग्लंडात, रीडिंग गावातच जन्मलेली. ते पाकीट घेऊन ती धावत आली, "बाबा, काकाचा चिठ्ठी आलाय." आत वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं, की पंचपदाचा मी तत्काळ राजीनामा देत आहे, दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे. खाली सही, आणि सहीखाली 'माजी मंत्री'.

माजी मंत्री कुठले, तर ग्रीसचे. नाव लेफ्तेरीस. आडनाव इतकं लांब, की मी ते अर्ध्यापर्यंत जाऊन सोडून देतो. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकटेच. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत आहे, आणि सात वर्षं त्या भिंतीला टेकून बसूनही हे गृहस्थ कुठल्या खात्याचे मंत्री होते ते मला कळलेलं नाही. आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात ते मत्स्यखात्याचे मंत्री होते. उन्हाळ्यात टपालखात्याचे झाले. एकदा आमची कचऱ्याची बिन उचलायची राहिली, तेव्हा "मी नगरविकास सांभाळलाय" म्हणून त्यांनी कौन्सिलला फोन लावला. खातं किती दिवस सांभाळलं, हे विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात.

पक्षाचं तर विचारूच नका. त्यांचा पक्ष दोनदा फुटला आणि एकदा जुळला. ते मला समजावं म्हणून त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर मीठ, मिरपूड, लोणचं आणि केचप मांडलं. अर्ध्या तासाने केचप पंतप्रधान झालं, लोणचं विरोधात गेलं, आणि यात काका कोण, हे काही मला सापडेना. मधुराने जेवायला वाढायचं म्हणून सरकार उचलून बाजूला ठेवलं. मी नेटवरही शोधून पाहिलं. त्या नावाचा एक दातांचा डॉक्टर निघाला आणि एक गोलकीपर.

सगळ्या गोष्टींचा शेवट मात्र एकच. "आणि मग," काका छाती पुढे काढून म्हणतात, "मी राजीनामा दिला."

तर वाढदिवसाच्या राजीनाम्याचं करायचं काय, ते मला कळेना. मी कंपनीत लोकांचे राजीनामे बघितलेत. तिथे लॅपटॉप परत घेतात. मी 'ठीक आहे' असं उत्तर लिहायला बसलो, तर मधुराने पेन काढून घेतलं. "अरे, ते रुसलेत. लग्नात वरपक्ष रुसतो तसे. जा आणि समजूत काढ."

मी चकल्यांचा डबा घेऊन गेलो. काकांनी दार उघडलं, नाही नाही म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणाले, दोन चकल्या खाल्ल्या आणि व्यापक हिताचा विचार करून राजीनामा मागे घेतला. त्यांच्याकडे अशीच रीत होती म्हणे. मंत्र्याने राजीनामा द्यायचा, घरी जाऊन बसायचं, मग सहकाऱ्यांनी मिठाई घेऊन यायचं आणि मनधरणी करायची. राजीनामा दिलाच नाही तर आपली किंमत कशी कळणार, असा त्यांचा मला सवाल होता. 

अडचण एवढीच, की ही रीत इंग्रजांना ठाऊक नाही.

आमच्या भागात अलॉटमेंट आहे, म्हणजे घरच्यापुरती भाजी लावायला कौन्सिलकडून भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे. आम्हा चौदा जणांच्या समितीचे काका सहा वर्षं अध्यक्ष होते. त्या पदावर त्यांचा फार जीव. थंडीवाऱ्यात कोट-टाय घालून ते लोकांच्या टोमॅटोंची पाहणी करत. या मार्चमध्ये कंपोस्टच्या जागेवरून वाद झाला आणि काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर राजीनामा टाकला.

सगळ्यांनी तो मनापासून स्वीकारला. सचिव जिलियन, निवृत्त शिक्षिका आणि अत्यंत सज्जन बाई, तिने लिहिलं की तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. बाकीच्यांनी अंगठे दिले. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. वाचलं, एवढंच कळवायला मीही अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी जिलियन अध्यक्ष झाली, आणि काकांच्या दारात सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आणि लॅव्हेंडरची कुंडी आली.

आठवडाभर काकांचे पडदे उघडले नाहीत. मधुराने विचारलं, तू काय लिहिलंस? मी अंगठा दाखवला. ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली, की मी शनिवारी दुपारी मुकाट्याने बेसनाचे लाडू घेऊन शेजारी गेलो.

काकांनी लगेच दार उघडलं. अंगावर सूट, गळ्यात टाय. आत टेबलावर पांढरं कापड, त्यावर सहा कप आणि बशा मांडलेल्या. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"बाकीचे?"

"मी एकटाच आलोय." ते आत जाऊन खुर्चीत बसले. मी म्हटलं, काका, तो अंगठा माझाही होता, मला लाज वाटते. ते म्हणाले, अंगठ्यांचं काही नाही, मंत्रिपद सोडलं तेव्हा तर पंतप्रधानांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं होतं, तेही स्वीकारल्याचंच. आणि मग त्यांनी पहिल्यांदाच राजीनाम्याच्या पुढची गोष्ट सांगितली. राजीनामा देऊन ते घरी आले, आणि त्यांच्या बायकोने, एलेनीने, असेच कप मांडले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, बैठक लांबली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, रस्त्यात मोर्चा असेल. रोज कप पुसून पुन्हा मांडायची. चौथ्या दिवशी रेडिओवर नव्या मंत्र्याचं नाव आलं. कुठल्या खात्याचा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळून टाकलं.

"बोल," काका म्हणाले. "समजूत काढायला आलायस ना?"

आता काय समजूत काढायची? पद तर गेलं होतं. मी खरं तेच सांगितलं. "काका, जिलियन अध्यक्ष झाली, ते काही आता बदलत नाही. पण तुम्ही आठ दिवस दिसला नाहीत, तर मला करमत नाही. उद्या अलॉटमेंटवर चला. माझ्यासाठी चला."

मला वाटलं, आता तत्त्वाचा प्रश्न येणार. तो आला नाही. काकांनी दोन कपांत कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. ती त्यांनी पुसली नाही. उरलेल्या चार कपांकडे बघत म्हणाले,

"एलेनीला जाऊन अकरा वर्षं झाली. तिला शेवटपर्यंत वाटायचं, कुणीतरी येईल. आज तू आलास, ते तिला दिसायला हवं होतं."