धर जरा, फोडू नकोस

वरवंडात कुणाचंही भांडण हातघाईवर आलं, की आप्पा मधे पडतात आणि जो जास्त तापलाय त्याच्या हातात अंड्यांचा भरलेला ट्रे देतात.

"धर जरा. फोडू नकोस."

एवढंच बोलतात. आणि माणूस धरतो! कॉलर पकडायला निघालेले हात आपसूक ट्रेखाली जातात. ट्रे धरून कुणाला मारता येत नाही. शिव्या देता येतात, पण त्याही बेतानंच, कारण जोर लावला की ट्रे हलतो.

आप्पांचा अंड्यांचा धंदा. जुन्या स्कूटरला मागं फळी बांधून वरवंडपासून दौंडपर्यंत हॉटेलांना आणि भुर्जीच्या गाड्यांना अंडी पुरवतात. रुखवतावरून जुंपलेल्या दोन विहिणींना त्यांनी एकदा एकाच ट्रेची दोन टोकं धरायला लावली होती. थोड्या वेळानं दोघी एकमेकींना "सावकाश हं" म्हणायला लागल्या.

दर वेळी जमतंच असं नाही. मागं एका पोरानं तोच ट्रे आप्पांच्या डोक्यात घातला. मिशीवरून बलक ओघळत असताना आप्पा मला म्हणाले, "पायाशी दगड पडला हुता, बघ. त्यानं अंडी मारली. ह्याला सुधारणा म्हंत्यात."

स्वतः आप्पाही रिकाम्या हातानं कधी दिसत नाहीत. देवळात तांब्या, लग्नात कुणाचं तरी बाळ, एरवी ट्रे. मला वाटायचं, धंद्याची सवय.

मला त्यांची ही गंमत पटायची नाही. मी पत्रकं वाटणारी बाई. 'पोराला गुंड म्हणण्याआधी हे वाचा' हे माझं पत्रक. त्यात साफ लिहिलंय, की या वयात मेंदूतला राग, भीती, थरार यांचा कारभार जोरात सुरू होतो, आणि त्यांना आवरणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून "काय बघतो रे?" एवढ्यावरून पोरं एकमेकांच्या अंगावर जातात. आणि आपण मोठी माणसं काय करतो? त्याच पोराच्या वाढदिवसाला काळा गॉगल घातलेला 'भाई'चा फ्लेक्स चौकात लावतो. निवडणुकीत त्याला झेंडा देऊन गाडीवर पुढं बसवतो. आणि त्यानं एकदा हात उचलला, की "आजकालची पोरं!" म्हणून मोकळे होतो. लाज वाटली पाहिजे. हेही ठळक अक्षरांत छापलंय.

आप्पांनी ते पत्रक माझ्यासमोरच वाचलं. ग्रामसेवकाशी भांडायला मी तेव्हा ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभी होते.

"पंचविशी म्हंजी... तुझं वय काय गं पोरी?"

"तेवीस."

"मग तुझं बी अजून कच्चंच हाय की!" म्हणाले, आणि ट्रे माझ्या हातात.

हेच आप्पा एका दुपारी माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. त्यांचा नातू प्रणव दौंडला अकरावीत शिकतो. त्यानं वर्गातल्या एका पोराच्या कपाळात स्टीलची बाटली घातली होती, टाके पडले होते. कॉलेज नाव काढून टाकणार होतं. पोरानं बापाच्या आधी आजोबाला फोन केला होता.

"तुझं ते कच्च्या मेंदूचं साहेबांना सांग. पोराचं नाव ऱ्हायलं पायजे."

मी स्कूटरवर मागं बसले, मांडीवर ट्रे. प्राचार्यांच्या केबिनमध्येही आप्पा तो घेऊनच शिरले. "भाईर ठिवला तर कोन बी नेईल."

प्रणव भिंतीला टेकून उभा होता. त्याचा बाप संजय, म्हणजे आप्पांचा मुलगा, रेल्वेत आहे, तिथंच कॉलनीत राहतो. आप्पांशी त्याचं बोलणं नाही म्हणण्याइतकंच. संजयला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून त्यानं खुर्ची जरा तिरकी ओढून घेतली होती.

मी सुरू झाले. मेंदू, कपाळ, पंचविशी. प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक. पण टाके दुसऱ्याच्या लेकराला पडलेत."

यावर पत्रकात काही नव्हतं. "पडलेत," मी म्हटलं. "पण याला काढलंत तर उद्या हा चौकातल्या फ्लेक्सखालीच जाऊन बसेल. तिथं प्रवेश चालू आहेत."

नेमका तेव्हाच प्रणव पुटपुटला, "पहिली खुन्नस त्यानं दिली."

संजयची खुर्ची करकरली. तो उठला, हात वर गेला. पोरानं डोळे मिटून कान झाकले.

आप्पा मधे होते.

"धर जरा," ते म्हणाले. नेहमीचा आवाज नव्हता. "संजू, धर. फोडू नकोस."

संजयचा हात तसाच वर. त्यानं ट्रेकडं पाहिलं, मग आप्पांकडं. हात खाली आला, दुसराही आला, आणि त्यानं ट्रे धरला. अंडी खाचांत बारीक वाजत होती.

प्राचार्यांनी ट्रे धरलेल्या संजयकडं पाहिलं. मग म्हणाले, नाव राहील. पण प्रणवनं त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागायची आणि वडिलांनी सोबत जायचं. दर आठवड्याला समुपदेशकाकडं बसायचं. पुन्हा घडलं, तर माझं पत्रक ऐकून घेणार नाहीत.

बाहेर स्कूटरपाशी आप्पा म्हणाले, "तुझ्या पत्रकात एक ऱ्हायलं, पोरी."

"काय?"

"संजू पंधराचा हुता. मला उलटून बोलला. मी कानाखाली दिली. तवापासनं त्यो कान गेला. मी तवा अडतीसचा. माझा तर पिकलेला हुता की मेंदू. माझं कुठं लिवलंस?"

मी पत्रक काढलं, उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

तेवढ्यात संजय आला, ट्रे अजून हातात, मागं प्रणव. संजय आप्पांच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. क्षणभर थांबला. मग ट्रे सांभाळत पुढून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आला. चांगला कान आप्पांकडं झाला.

"बोला," संजय म्हणाला.

आप्पांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, मागं नेले, पुन्हा पुढं आणले.

"अंडी..." आप्पा म्हणाले, "अंडी घिऊन जातोस का घरी?"