सत्तावीस ऑगस्टचं पान

पंचवीस ऑगस्टला, जेवणाच्या सुट्टीला जरासा वेळ असताना, काटेकोरांनी पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरची प्रुफं तपासता तपासता चालू वर्षीचं कॅलेंडर सहज उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते मुद्रितशोधक होते आणि स्वल्पविराम जागचा हलला तरी त्यांना अन्न गोड लागत नसे, म्हणून हे नाव पडलं होतं. गेली एकवीस वर्षं ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर तपासत. पानावर वर ठळक तारीख आणि खाली त्या दिवशी इतिहासात काय काय घडलं त्याची यादी. चालू वर्षाच्या सत्तावीस ऑगस्टला ती अशी होती :

१८८३ : क्राकाटोआ ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट.
१८९६ : इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध. पाऊण तासात आटोपलं.
ताई आली. आजचं काम बोंबललं.

काटेकोरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिसरी ओळ जागची हलली नाही.

घडलं होतं ते असं. वाचता वाचता मध्ये कोणी आलं, की काटेकोर जिथे थांबले तिथे समासात पेन्सिलीने कारण लिहून ठेवत. ‘चहा.’ ‘लाइट गेली.’ ‘मालकांनी बोलावलं.’ आणि त्याभोवती गोल काढत. गोलातला मजकूर छापायचा नसतो, हा त्यांचा आणि अक्षरजुळणीच्या बाईंचा ठरलेला नियम. गेल्या वर्षी शेवटचं वाचन त्यांनी घरी केलं होतं. ताईने बेल वाजवली, ते दार उघडायला धावले आणि गोल काढायचा राहून गेला.

“बाई, हे तुम्ही लावलंत?” काटेकोरांनी पान बाईंपुढे धरलं.

“तुम्ही लिहिलं होतं, मी लावलं,” बाई म्हणाल्या. “गोल नव्हता.”

“अहो, पण ‘ताई आली’ हे इतिहासात कुठे बसतं?”

“मागे तुम्हीच म्हणालात ना, बाई, डोकं चालवू नका, दिसेल ते लावा. तेव्हापासून मी डोकं बंद ठेवलंय.”

चाळीस हजार घरांत हे कॅलेंडर टांगलेलं होतं, पण काटेकोरांना त्यातल्या एकाच घराची धास्ती होती. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि ताई सोळाची. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. दर वर्षी पहिली प्रत ते तिला नेऊन देत आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “यात एक चूक दाखवा. माझ्या भावाने तपासलंय.” ताईचा जीव मोठा, पण रागही तसाच. काटेकोर एकदा तिच्या भाजीला ‘बरी आहे’ म्हणाले होते, तर ती त्यांच्याशी चौदा महिने बोलली नव्हती. ते चौदा महिने त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुन्हा तसं झालं तर आपल्याच्याने निभणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

“त्यात काय एवढं?” रात्री घरी बायको म्हणाली. “उद्या जा आणि ते पान गुपचूप फाडून आणा.”

सव्वीसला दुपारी काटेकोर ताईकडे पोचले. कॅलेंडर स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्यावर होतं आणि ताई त्याच्याखालीच भाजी निवडत बसली होती. “बाळ्या, आज अवचित कसा रे?”

“असंच. ताई, तो आपला जुना अल्बम आहे का गं? बघावासा वाटला.”

ताईने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण उठली. ती आतल्या खोलीत जाताच काटेकोरांनी वरचं सव्वीसचं पान उचललं आणि त्याखालचं खस्सकन ओढलं. पानाबरोबर अख्खं कॅलेंडर खिळ्यावरून निसटलं आणि थेट भाजीच्या परातीत पडलं.

“काय पडलं रे?” आतून आवाज आला.

“काही नाही! मीच! म्हणजे, मी बसलो!”

कॅलेंडरला चिकटलेली पालेभाजी झटकून त्यांनी ते पुन्हा टांगलं आणि पानाची घडी खिशात कोंबली. मग दीड तास अल्बम पाहिला, तिची भाजी ‘अप्रतिम’ म्हणून दोनदा मागून घेतली आणि सुटकेचा श्वास टाकत घरी आले.

“आणलं?” बायकोने विचारलं. काटेकोरांनी ऐटीत पान काढून दिलं. तिने घडी उलगडली. “अहो, हे अठ्ठावीस आहे.”

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाने फाडलेलं पान वाचून पाहिलं नव्हतं. पण सव्वीसच्या खालीच तर होतं ते! मग सत्तावीस गेलं कुठे? बायकोकडे उत्तर तयार होतं. “म्हणजे कुणीतरी आधीच काढलंय. आणि तुमच्यासारखं आंधळेपणाने नाही, वाचून काढलंय.”

दुसऱ्या दिवशी काटेकोरांनी कामावर सुट्टी टाकली आणि पुढच्या वर्षीची प्रुफं घेऊन घरीच बसले. डोळे कागदावर, कान दाराकडे. दहा वाजता बेल वाजली. दारात ताई होती आणि तिच्यामागे तोंड पाडून भाऊजी.

“आधी मला खायला द्या,” भाऊजी म्हणाले. “मग काय ते भांडा.”

“काय झालं, भाऊजी?”

“एकोणतीसला माझी रक्ततपासणी. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. सकाळी सव्वीसचं पान फाडलं, तर समोर एकोणतीस! तसाच उपाशी लॅबमध्ये जाऊन बसलो. ती मुलगी म्हणते, काका, परवा या. आणि काका, भान ठेवत जा!”

बायको त्यांना घेऊन लगबगीने स्वयंपाकघरात गेली. ताई खुर्चीत टेकली आणि तिने हात पुढे केला. “अठ्ठावीस आण.”

काटेकोरांनी मुकाट्याने पान आणून दिलं.

“आता सत्तावीस कुठाय ते विचार.” ताईने पर्स उघडली. आतून जे निघालं ते पान लॅमिनेशन केलेलं होतं. “तू कॅलेंडर देतोस त्याच दिवशी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. दर वर्षी. तुला अक्षरं मी शिकवली, चुका मी नाही बघणार तर कोण?”

“ताई, ते... तसं नव्हतं गं लिहायचं.”

“तसंच होतं. वाचलं तेव्हा डोकंच फिरलं माझं. दोन दिवस तुझा फोन उचलला नाही. तुला वाटलं, सर्दी झालीय.” तिने पान काटेकोरांपुढे धरलं. “मग पुन्हा वाचलं. वर ज्वालामुखी, मध्ये युद्ध आणि खाली मी. बाळ्या, माझ्या येण्याजाण्याची आजवर कुणी दखल घेतली नव्हती रे. सगळ्या बिल्डिंगला दाखवून आले.”

काटेकोरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि ते... ‘काम बोंबललं’?”

“बोंबललं तर बोंबललं. लहानपणी तुझ्यापायी माझी किती कामं बोंबलली! मी कुठे छापून आणलं?”

एवढ्यात मालकांचा फोन आला. “सकाळपासून चार फोन आले,” मालक म्हणाले. “ही ताई कोण म्हणून विचारतायत. एकाने तर घाबरून विचारलं, आमच्याकडेही येणार का?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगतो काय! म्हटलं, ऐतिहासिक व्यक्ती आहे.”

काटेकोरांनी फोन ठेवला आणि किती तरी वेळाने मोकळेपणी हसले. ताई मात्र हसली नाही. “पण एक चूक आहेच. मी आले होते सप्टेंबरात, रविवारी. तू छापलंस सत्तावीस ऑगस्ट.”

“हो गं. तेव्हा त्या पानावर होतो म्हणून...”

“म्हणून तर आज आले. जानेवारीपासून ठरवलं होतं. तुझं कॅलेंडर खोटं कशाला पडू द्यायचं?” तिने पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली. “आणि आता संध्याकाळपर्यंत हलत नाही. काम बोंबललं पाहिजे ना?”

काटेकोरांनी प्रुफं आवरायला घेतली. सवयीने पेन्सिल उचलली, जिथे थांबले होते तिथे समासात ‘ताई आली’ असं लिहिलं आणि या खेपेला आठवणीने भोवती गोल काढला.

“हा गोल कशाला?” ताईने वाकून विचारलं.

“गोल असला की छापत नाहीत.”

ताईने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली, उलटी केली आणि मागच्या रबराने गोल पुसून टाकला.

“साल पण घाल,” ती म्हणाली. “ज्वालामुखीला आहे.”