रथ उलटा, चाकही उलटं

सकाळचे नऊ वाजले, की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत एकही माणूस लिफ्ट दुरुस्त करत नसे. आठच्या आठ माणसं मॅडमच्या टेबलाभोवती हाताची घडी घालून उभी राहत आणि मॅडम भविष्य सांगणाऱ्या टॅरोचे दोन पत्ते काढत. पहिला पत्ता म्हणजे आज आपण कसे आहोत. दुसरा म्हणजे आज आपण कसं वागावं. मग दोन्हींचा मिळून एक अर्थ आणि त्यावर डोळे मिटून पाच मिनिटं चिंतन. जोडी शुभ निघाली तरच मॅडम मोठ्या कामाच्या कागदावर सही करत. बापाने चाळीस वर्षं पान्याने चालवलेली कंपनी लेक पत्त्यांनी चालवत होती.

फोरमनच्या तळपायाची आग रोज मस्तकात जाई. आठ दिवसांपूर्वी त्याने एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट स्वतःच्या हाताने बंद केली होती, कारण तिच्या दोराच्या तारा तुटून जुन्या झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. नवा दोर स्टोअरमध्ये पडून होता. हवी होती फक्त एक सही. पण एके दिवशी कोसळता मनोरा निघाला, दुसऱ्या दिवशी उलटा टांगलेला माणूस, तिसऱ्या दिवशी आणखी कुणीतरी रडकं. सहीचं घोंगडं भिजतच पडलं.

त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक हेडबाई एकट्या राहत. गुडघे कामातून गेलेले आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चार महिने वाट पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती उद्या सकाळी आठची. खुर्चीत बसवून उतरवतो म्हटलं तर म्हणाल्या, "मी काय कपाट आहे?" तेव्हा फोरमनने शब्द दिला होता, की त्यांना लिफ्टनेच खाली आणीन.

म्हणून आज तो आठलाच ऑफिसात आला आणि बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. लबाडी. मॅडम पत्ते आदल्या संध्याकाळीच पिसून टेबलावर रुमालाखाली ठेवत आणि सकाळी नुसते वरचे दोन उचलत. फोरमनला पत्त्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लिफ्ट कळत होती. एका पत्त्यावर चौकोनी खोक्यात उभा राहून निघालेला माणूस होता: रथ. ही झाली लिफ्ट. दुसऱ्यावर भलंमोठं चाक. ही झाली वरची पुली. हे दोन पत्ते बघून तर दगडसुद्धा सही करील, असं म्हणत त्याने ते नीट सरळ करून वर ठेवले.

नऊला मॅडमनी पहिला पत्ता उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. "रथ. उलटा." दुसरा उघडला. "चाक. तेही उलटं! बाप रे."

"उलटं कुठंय?" फोरमन ओरडला. "चांगलं सरळ आहे की!"

"तुमच्या बाजूने. पत्ता वाचणाऱ्याच्या बाजूने बघायचा असतो."

फोरमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालकिणीच्या खुर्चीकडे जायची हिंमत झाली नाही, म्हणून त्याने पत्ते टेबलाच्या अलीकडूनच लावले होते. स्वतःचाच राग आला, की तो दुसऱ्यावर काढायची त्याची जुनी रीत होती.

"म्हणजे खुर्ची बदलली की नशीब बदलतं? मग तुम्ही इकडे या ना!"

"फोरमन, उलटा रथ म्हणजे गती नाही. उलटं चाक म्हणजे आपल्या हातात काही नाही. आज कुणी जागचं हलायचं नाही."

दोराचं भेंडोळं उचलावं लागेल या नुसत्या कल्पनेने आठ दिवस कंबर धरून बसलेला स्टोअरकीपर गुपचूप वळसा घालून मॅडमच्या मागे जाऊन उभा राहिला. "मलाही उलटंच दिसतंय, मॅडम."

"लेका, तुला काम दिसलं की अख्खं जगच उलटं दिसतं!"

बघता बघता ऑफिसचे दोन तट पडले. कामसू इकडे, कामचुकार तिकडे. अकाउंटंट दोघांनाही न दुखवता टेबलाच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "मला आडवं दिसतंय."

तेवढ्यात फोरमनचा फोन वाजला. हेडबाई! सगळ्यांनीच ऐकावं म्हणून त्याने मुद्दाम स्पीकर लावला.

"काय हो, दोर लागला का?"

"नाही, बाई."

"का?"

"रथ उलटा आलाय."

"सकाळी सकाळी घेऊन आलायत का?"

मॅडमनी फोन ओढून घेतला. "बाई, मी मालकीण बोलतेय. तुम्ही शांत व्हा. हा थांबण्याचा काळ आहे."

"पोरी, आठ दिवस दुसरं काय करतेय मी? एवढा वेळ तर माझ्या वर्गातली पोरंसुद्धा कधी एका जागी बसली नाहीत."

"तुम्हाला मार्गदर्शनाची गरज आहे. मी स्वतः येऊन तुमच्यासाठी दोन पत्ते काढते."

"आज जागचं हलायचं नव्हतं ना?" फोरमन दात खात म्हणाला.

"सेवेसाठी चालतं."

मॅडम उंच टाचांच्या सँडल घालून त्या इमारतीचा जिना चढू लागल्या. मागे फोरमन. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं हसू गेलं, तिसऱ्यावर बोलणं गेलं. चौथ्यावर त्यांनी कठडा धरून विचारलं, "अजून किती?"

"सरळ मोजलं तर दोन. उलटं मोजलं तर चार."

पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये टाच घसरली, घोटा मुरगळला आणि मॅडम मटकन पायरीवर बसल्या. फोरमन आणि हेडबाईंची मोलकरीण, दोघांनी मिळून त्यांना कसंबसं वर नेलं. पाय बघता बघता टम्म सुजला.

"फोरमन," मॅडम रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मी खाली कशी जाऊ?"

"खुर्चीत बसवून नेऊ."

"मी काय कपाट आहे?"

सोफ्यावरून हेडबाई कौतुकाने म्हणाल्या, "बरोबर बोललीस, पोरी."

"मग दोर बदलावा लागेल," फोरमन म्हणाला. आठ दिवस खिशात मळलेला कागद त्याने त्यांच्यापुढे धरला. "पण रथ उलटा आहे ना, मॅडम?"

मॅडमनी सुजलेल्या पायाकडे पाहिलं. "इथून सरळ दिसतोय," त्या म्हणाल्या आणि सही केली.

पाऊण तासात स्टोअरकीपर भेंडोळं खांद्यावर घेऊन सहा मजल्यांच्या वर, मशीनच्या खोलीत हजर झाला. मॅडमना घेऊन यायचंय म्हटल्यावर त्याची कंबर आपोआप बरी झाली होती. दिवसभर फोरमन घामाघूम होऊन राबला. जेवला नाही की बसला नाही. आधी रिकामी लिफ्ट वर-खाली केली, मग लोखंडाची वजनं घालून, मग एकदा स्वतः बसून. संध्याकाळी सहाला तो तळमजल्यावर ग्रीसने काळे झालेले हात पुसत उभा राहिला. एक दुवा. बस, एवढंच ऐकायचं होतं त्याला.

दार उघडलं. हेडबाई आणि लंगडणाऱ्या मॅडम हातात हात घालून बाहेर आल्या.

"ही पोर गुणी आहे हो," हेडबाई म्हणाल्या. "दुपारी माझ्यासाठी दोन पत्ते काढून म्हणाली, संध्याकाळपर्यंत मार्ग मोकळा होईल. झाला बघा! उद्या ऑपरेशनला मी हिलाच बरोबर घेणार."

मॅडम लाजल्या. "आणि फोरमन, उद्यापासून टेबल भिंतीला लावून घ्या. सगळे एकाच बाजूला उभे राहतील, म्हणजे वाद नकोत."

"बाई," फोरमन पुढे होऊन म्हणाला, "लिफ्ट मी चालू केली."

हेडबाईंनी पिकलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही? तुम्ही तर बंद केली होतीत."

फोरमनच्या ओठांवर एक अस्सल शिवी येऊन थांबली. ती त्याने गिळली आणि मागे वळून लिफ्टचं दार ओढून घेतलं. दार उघडं राहिलं, तर वरून बोलावणाऱ्याला लिफ्ट मिळत नाही.