मेश्रामकाका आणि सिमेंटचा मासा

ईशानच्या पाचव्या वाढदिवसाचं आमंत्रण मी आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या टपालपेट्यांत टाकलं होतं. त्यातलं एक परत आलं. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'इनकम्प्लीट'. खाली दोन मुद्दे होते. तारीख आहे, वर्ष नाही. 'मुलांनाही आणा' म्हटलंय, वयोमर्यादा दिलेली नाही. त्याखाली मराठीत: 'दुरुस्त करून पुन्हा सादर करावे. मेश्राम, शेजारचे.'

आम्ही कॅनडात, मिसिसागात नवीन होतो. मला वाटलं, काय गमतीदार माणूस आहे! त्याला आता सहा वर्षं झाली. आता वाटत नाही.

मेश्रामकाका मूळचे नागपूरचे. कॅनडात चाळीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस नगरपालिकेच्या एका काउंटरमागे गेली. कुणाला मागच्या अंगणात डेक बांधायचा असो, कुणाला कुत्र्याचं लायसन्स हवं असो, फॉर्म काकांच्या हातून जायचा. निवृत्त झाले तेव्हा काउंटर सुटला, फॉर्म सुटले नाहीत. शर्टाच्या खिशात तीन पेनं असतात. काळं भरायला, निळं सहीला आणि लाल इतरांसाठी. दातांच्या डॉक्टरकडे गेले की लोक मासिक चाळतात, काका रिसेप्शनवरून एक जादा फॉर्म मागून घेतात आणि चवीचवीने वाचतात.

"रकाना रिकामा सोडायचा नाही," हे त्यांचं पालुपद. "रिकामा रकाना म्हणजे तू काहीतरी लपवून राहिली, नाहीतर तुले काही माहीत नाही. दोन्ही वाईट."

एकदा ईशानच्या शाळेच्या ट्रिपचा फॉर्म माझ्या टेबलावर पडला होता. अ‍ॅलर्जीपुढे मी 'एन-ए' लिहिलं होतं.

"मृणाल, एन-ए म्हणजे लागू नाही. पोराले अ‍ॅलर्जी लागू कशी नाही होणार? त्याले नाक नाही का? 'नाही' लिही. स्पष्ट."

शकुंतलाकाकू आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. त्यानंतर काकांनी गाडी विकून टाकली. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र दर वेळी मुदतीच्या आत रिन्यू करतात. परिणाम असा की माझ्या गाडीचं इंजिन सुरू झालं की शेजारचं दार उघडतं. ग्रोसरी असो, लायब्ररी असो, काका मफलर गुंडाळत शेजारच्या सीटवर येऊन बसतात आणि पट्टा लावतात. "तू कुठं जाऊन राहिली?" हा प्रश्न नंतर.

असेच ते एका नोव्हेंबरात माझ्याबरोबर विंटर टायर बसवायला आले आणि माझी पुढची दीड-दोन वर्षं गेली.

टायरच्या दुकानात हमीद नावाचा एक तरुण अफगाण मेकॅनिक होता. काउंटरवर ग्रीसचे डाग पडलेला कागदांचा एक गठ्ठा त्याने ठेवला होता. मी कॉफी घेऊन येईपर्यंत काकांनी तो उलटा फिरवून वाचायला घेतला होता.

"काका! ते त्याचं खासगी आहे!"

"खासगी आहे, पण चूक आहे," काका म्हणाले आणि त्यांनी हमीदला हाक मारली. "बेटा, इधर आओ. ये किसका है?"

ते त्याच्या मोठ्या भावाचं होतं. करीमचं. कंदाहारजवळच्या खेड्यांतून कॅनडाचे सैनिक फिरायचे तेव्हा करीम चार वर्षं त्यांचा दुभाषा होता. गावातले म्हातारे काय म्हणतात ते सैनिकांना सांगायचं, सैनिक काय म्हणतात ते म्हाताऱ्यांना. फौज निघून गेली, पुढे तिथलं सरकार पडलं, आणि नव्या सत्तेच्या लेखी दुभाषे म्हणजे गद्दार ठरले. करीम बायको आणि दोन मुलींना घेऊन या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे लपत होता. अशा लोकांसाठी कॅनडाने व्हिसाची एक खास वाट काढली होती. फक्त, आपण खरंच दुभाषे होतो हे सिद्ध करायचं होतं.

"सर्टिफिकेट?" काकांनी विचारलं.

"अम्मी ने तंदूर में जला दिया," हमीद म्हणाला. घरोघर झडती सुरू झाली होती. फौजेचा शिक्का असलेला कागद सापडला असता तर सगळं घर गेलं असतं.

त्यामुळे 'वरिष्ठाचं नाव व पत्ता' हा रकाना रिकामा होता. काकांचा चेहरा कुणीतरी जखम उघडी करून दाखवावी तसा झाला.

करीमला वरिष्ठाचं फक्त पहिलं नाव माहीत होतं. ब्रॅड. करीमने पूर्वी हमीदला पाठवलेला एक फोटो होता. हेल्मेट घातलेला एक आडदांड माणूस, शेजारी काडीसारखा करीम. आणखी एकच धागा होता. ब्रॅड नेहमी सांगायचा, माझ्या गावाच्या तोंडाशी घरापेक्षा उंच सिमेंटचा मासा आहे, एक दिवस तुला दाखवीन.

"झालं तर मग," काका म्हणाले. "मासा शोधायचा."

मी समजावलं की एवढ्या मोठ्या देशात अशा धाग्यावरून माणूस सापडत नसतो. काकांनी माझं ऐकून घेतलं आणि माझा प्रिंटर वापरायला सुरुवात केली. आमच्या प्रांताच्या, ऑन्टारिओच्या, उत्तरेला गावोगावी सिमेंटचे, पत्र्याचे, लाकडाचे अवाढव्य मासे उभे आहेत ही माहिती मला त्या हिवाळ्यात झाली. काकांनी त्या प्रत्येक गावाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. ईमेल का नाही? "ईमेलले पोचपावती नसते." प्रत्येक पत्र आधी मी तपासायचं. मी ऑफिसातून सहाला यायची, काका सव्वासहाला यायचे. माझी भाजी करपायची आणि ते स्वल्पविरामावर बोलायचे. नवरा जेवणाचं ताट घेऊन बेसमेंटमध्ये जायला लागला. ईशान दारातूनच ओरडायचा, "मॉम, फॉर्म अंकल इज हिअर!"

एका गावाने उत्तरादाखल मासेमारीच्या परवान्याचा फॉर्म पाठवला. काकांनी तो भरून टाकला. आयुष्यात गळ हातात न धरलेल्या माणसाकडे आज मासेमारीचा परवाना आहे.

फेब्रुवारीत एका टाउन ऑफिसच्या बाईंनी लिहिलं: आमच्याकडे मासा आहे आणि ब्रॅडही आहे, तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

शनिवारी निघालो. हमीदला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. बर्फातून साडेचार तास मी गाडी चालवली आणि काका रस्त्यावरच्या पाट्या तपासत होते. "'पुढे रस्ता निसरडा असू शकतो.' असू शकतो म्हणजे काय? आहे की नाही, पक्कं सांगा ना बाप्पा!" मी दोनदा गाडी वळवून परत जायचा विचार केला.

ब्रॅड शेडमध्ये होता. पांढरी होत चाललेली दाढी, हात तेलाने काळे. काकांनी फोटो पुढे धरला. तो बघता बघता एका पालथ्या खोक्यावर बसला.

"जिवंत आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आहे," मी म्हटलं.

मग तो हळूहळू बोलायला लागला. एकदा एका खेड्याबाहेर एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं, आज रस्ता चांगला आहे, जा. करीमने ते शब्द तसेच्या तसे सांगितले आणि मग पुढे म्हणाला, हा म्हातारा रोज भेटतो, पण रस्त्याबद्दल आजवर कधी बोलला नाही. थांबा. ते थांबले. शंभर पावलांवर सुरुंग पेरलेला होता.

"आम्ही सात जण होतो," ब्रॅड म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं की मी तुला इथे घेऊन येईन. परत आलो, आणि माझं डोकं काही वर्षं ठिकाणावर नव्हतं. मग मला वाटलं, आता उशीर झाला."

ब्रॅडने डोळे पुसले, करीम आपला दुभाषा होता असं सांगणारं, काकांनी तयार करून आणलेलं पत्र वाचलं आणि सही केली.

काका वाकून बघत होते. "रकान्याच्या बाहेर गेली," ते मला मराठीत म्हणाले, आणि इंग्रजीत त्याला: "सर, इनसाइड द बॉक्स, प्लीज." खिशातून त्यांनी दुसरी प्रत काढली.

मला शेडमधल्या बोटीखाली शिरावंसं वाटलं. ब्रॅडने मुकाट्याने पुन्हा सही केली, मग तिसऱ्या प्रतीवरही. निघताना तो काकांचा हात सोडत नव्हता.

अर्ज गेला. त्यानंतर चौदा महिने रोज सकाळी अकराला, मी मीटिंगमध्ये असताना, काकांचा फोन. "अंडर प्रोसेस आहे." एवढंच बोलून ठेवून द्यायचे. करीमचं कुटुंब तोवर सीमा ओलांडून इस्लामाबादला एका खोलीत येऊन राहिलं होतं आणि त्यांचा तिथला मुक्कामाचा परवाना संपत आला होता. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, बदल झाला तरच फोन करा ना!" दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. "बदल नाही."

आणि एक दिवस अकरा वाजून गेले तरी फोन आला नाही.

संध्याकाळी काका आले. माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला, तो निवला. मग त्यांनी व्हिसा ऑफिसचा कागद पुढे सरकवला. करीमच्या थोरल्या मुलीची जन्मतारीख जुळत नाही, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज बंद होईल. तिच्या दाखल्यावर अफगाणी पंचांगातली तारीख होती. ती इंग्रजी तारखेत बदलताना एका दिवसाची चूक झाली होती. आणि ती बदलली होती काकांनी.

"सव्वीस वर्षं मी लोकांचे फॉर्म परत केले," ते म्हणाले. "एक दिवस चुकला म्हणून. दोन दिवस चुकले म्हणून. लोक म्हणायचे, साहेब, जाऊ द्या ना. मी म्हणायचो, नियम आहे."

त्यांनी काळं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. पेन मी घेतलं. खुलासा मी लिहिला, प्रतिज्ञापत्रावर काकांची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून सगळं पाठवलं. काकांनी मी लिहिलेलं तपासलंसुद्धा नाही. सहा वर्षांत मला त्यांची एवढी काळजी कधी वाटली नव्हती.

पाच आठवड्यांनी व्हिसा मंजूर झाला. काकांनी मला फोनवर ते पत्र संदर्भ क्रमांकासकट वाचून दाखवलं आणि मला पहिल्यांदाच मीटिंगमधून उठून बाहेर जावं लागलं.

रविवारी दुपारी विमान आलं. एअरपोर्टवर हमीद फुगे घेऊन काचेच्या दाराला नाक लावून उभा होता. कागदपत्रं आटोपून बाहेर यायला त्यांना दोन तास तरी लागणार होते. काका आणि मी बाकावर बसलो.

"काका, एक विचारू? ना नातं, ना गोतं. एवढं का केलंत हो तुम्ही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"शकूले स्ट्रोक आला ना," ते म्हणाले, "तेव्हा तिचं इंग्रजी गेलं. पुरं गेलं. तीस वर्षं इथं नोकरी केली तिनं, पण एक शब्द उरला नाही. फक्त आपली वऱ्हाडी. हॉस्पिटलवाल्यांनी बिचाऱ्यांनी फोनवर दुभाषा लावून दिला, तो हिंदीवाला. त्याले तिचं बोलणं समजेना. हॉस्पिटलचा फोन आला तं मी काउंटरवर होतो. एका माणसाचा फॉर्म अर्धा झाला होता. म्हटलं, एवढा पुरा करतो अन् निघतो. पोचलो तं शकू झोपली होती. मग उठलीच नाही." त्यांनी खिशातली पेनं उगाच सारखी केली. "नर्स म्हणाली, ती सारखं एकच काहीतरी बोलत होती. काय बोलत होती, ते तिले सांगता आलं नाही. तिनं प्रयत्न केला, आवाज काढून दाखवला. मले नाही समजलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

दार उघडलं. हमीद धावला, फुगे सुटून छताला लागले. फोटोतला काडीसारखा करीम आता पन्नाशीचा दिसत होता. दोघं भाऊ रस्ता अडवून रडत उभे राहिले. मग हमीदने काकांकडे बोट दाखवलं, आणि करीम येऊन त्यांच्यापुढे वाकला. काकांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. कसं वागायचं ते त्यांना समजत नव्हतं. "बसा, थकला असाल," एवढंच ते हिंदीत म्हणाले.

धाकटी मुलगी सहा-सात वर्षांची असेल. तिने काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वडिलांना पश्तूत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" काकांनी करीमला विचारलं.

"विचारते आहे, हे आजोबा कुठे राहतात?" करीमने हिंदीत सांगितलं.

"सांग तिले, इथून जवळच," काका हिंदी-मराठीची खिचडी करत म्हणाले. मग थोडं थांबले. "अन् सांग, घरात मी एकटाच असतो. केव्हाही ये म्हणावं."

करीमने सांगितलं. अगदी हळू, एकेक शब्द नीट ठेवत. मुलीने ऐकून घेतलं, विचार केला आणि दोनच शब्दांत उत्तर दिलं.

"म्हणते, उद्या येते," करीम म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "मृणाल, तू उद्या काय करून राहिली?"

उद्या सोमवार होता, दोन मीटिंगा होत्या. तिथेच बाकावर बसून मी मॅनेजरला सुट्टीचा मेसेज टाकला.