शिवांगीचे बूट मी निवडले

माझं शिक्षण तिसरी नापास. पण वस्तू पारखण्यात गावात माझा हात धरणारं कुणी न्हाई! वांगं असो, बैल असो, अंगठ्यानं दाबलं की मला आतलं कळतं. सुनेला तेवढं दाबून बघितलं नव्हतं, तिथंच जरा चुकलं.

आमची नात शिवांगी पोलीस भरतीची तयारी करती. रोज पहाटे पळती. जुन्या बुटांचे तळ झिजले आणि तिच्या नडग्या ठणकायला लागल्या. त्यात रविवारी अकॅडमीत आठशे मीटरची चाचणी. जी वेळेत येईल तिलाच सर पुढच्या तुकडीत घेणार. सून मनिषा म्हणाली, बूट मोबाईलवर मागवू. मी म्हटलं, "न दाबता?" आणि शुक्रवारी शिवांगीला घेऊन लातूरची एसटी धरली.

दुकानदार श्रीशैल, उदगीरकडचा, स्वतः पळणारा. त्यानं तीन जोड मांडले. पहिला पातळ तळाचा, म्हणे शर्यतीच्या दिवसाचा. दाबला तर पापड. बाजूला! दुसरा इतका मऊ की अंगठा आत गेला तो परत यायचं नाव घेईना. असले बूट घालून पळणं म्हणजे चिखलाच्या रानात पळणं. तोही बाजूला. तिसऱ्याचा तळ जाड. दाबला की बसायचा, सोडला की उठायचा. रोजच्या पळण्याला हाच, मी निकाल दिला. श्रीशैल म्हणाला, मीही हाच सांगणार होतो. शिवांगीला दुकानात चार फेऱ्या पळवलं, बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा हाय का बघितलं. इथपर्यंत माझी काही चूक न्हाई, हे ध्यानात ठेवा.

निघताना तो म्हणाला, "आजी, पहिले चार दिवस जरा कडक लागतील. मग पायाला बसतील."

चाचणी परवावर आली आणि हा चार दिवस म्हणतो! मी मनात हसले. नव्या वहाणा कशा मऊ करायच्या, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई.

शनिवारी दुपारी शिवांगी अभ्यासिकेत गेली. मी घाण्याचं करडीचं तेल काढलं आणि आमच्या मालकांच्या वहाणांना चोळायची तसं बुटांना चोळलं. कातडं तेल पितं आणि थांबतं. हे बूट पीतच राहिले. अर्धी बाटली संपल्यावर कळलं, यात कातडं न्हाईच. वर जाळी, खाली गादी! उचलले तर कढईतून काढलेल्या पुरीसारखे निथळायले.

सांडल्या तेलावर पीठ टाकायचं, हेही मला येतं. दोन मुठी ज्वारीचं पीठ आत घातलं. पिठानं तेल घेतलं, पण पीठ काही बाहेर येईना. चमच्यानं खरवडून उन्हात ठेवले. तासाभरानं बघते तर मुंग्यांची रांग, आणि शेजारचं कुत्रं डावा बूट चाटायलं.

मनिषा दारात उभी. "आत्याबाई, धपाटे करायलाव का?"

"शिवांगीला सांगू नको," मी म्हटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा तिला विनवलं. ती कुत्रं हाकलायला गेली, आणि जाता जाता शिवांगीला फोन लावला.

पोरगी आली. बूट नाकाजवळ नेला. मला वाटलं, आता रडते.

"आजी, निवड तर तू बरोबर केली होतीस," ती म्हणाली. "तिथंच थांबायचं ना."

त्या रात्री मला भाकर गेली न्हाई.

रविवारी, ते झिजके जुने बूटही नको म्हणून, शिवांगी अनवाणी पळाली. मी कुंपणाला धरून उभी होते, डोळे मिटून. दोन सेकंद राखून ती वेळेत आली. सरांनी बूट कुठायत विचारलं. पोरगी सगळ्या मैदानासमोर म्हणाली, "आजीनं तळले."

मनिषानं मग मोबाईलवर तेच बूट, त्याच नंबरचे मागवले. म्हणजे निवड माझीच, हे मी चारचौघांत सांगते. फक्त खोकं तिनं माझा हात पोचणार न्हाई असं कपाटावर ठेवलंय.

तळलेला जोड माझ्याकडं आला. रानात जाताना मीच घालते. काय सांगू, लई मऊ झालेत! शेजारचं कुत्रं रोज मागं मागं येतं. बाया विचारतात, "आजी, कुत्रं पाळलंत का?"

मी व्हय म्हणते.