बाप काठावर

नाव सुटायला दोनच मिनिटं होती आणि शिंप्याच्या लक्षात आलं, पिशवी गाडीतच राहिली.

ही पिशवी त्याने स्वतः शिवलेली, अकरा कप्प्यांची. लाळेरी, नळीतून भरवायची सिरिंज, फिटचं औषध, कपड्यांचे दोन जोड. त्याची लेक ठकी एकोणीस वर्षांची झाली, तरी पिशवीशिवाय तिला त्याने कधी बाहेर नेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हापासून तर बाहेर पडणंच खुंटलं होतं. तलावावर सगळ्या मुलांना, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या, एकत्र नावेत फिरवतात, असं शेजारणीने चारदा सांगितलं, तेव्हा कुठे तो तयार झाला.

"आलोच हं, ठके," म्हणत तो धावला. परत येऊन बघतो तर नाव वीस हात दूर! मधोमध ठकीची चाकाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली, भोवती पोरापोरींचा गलका.

"अहो, थांबवा! माझी मुलगी आहे!"

"काका, नर्स आहे सोबत. औषधही आहे!" नावाडीताई ओरडली.

"तिला बोलता येत नाही हो!"

"हरकत नाही, आम्ही बोलतो!"

शिंपी काठाकाठाने पळत सुटला. पिशवी उंच धरून हातवारे करता करता पाय शेवाळावरून सटकला आणि स्वारी पाण्यात आडवी.

"बुडालो!"

रखवालदाराने हवेची ट्यूब फेकली, ती नेमकी टाळक्यात बसली.

"काका, उभे राहा! गुडघ्याएवढंच पाणी आहे!"

तो उभा राहिला. खरंच गुडघ्याएवढंच होतं. नावेतली पोरं टाळ्या पिटत होती. आणि ठकी हसत होती. आई गेल्यापासून न ऐकलेलं ते घोगरं, तोंडभर हसू पाण्यावरून आलं. नाव वळली, तसं ते हळूहळू ऐकू येईनासं झालं.

शिंपी निथळत बाकावर बसला. हातांचं काय करावं कळेना. त्याने पिशवी पिळली, मग पुन्हा पिळली. बायको गेली त्या दिवशीसुद्धा तो असा रिकामा बसला नव्हता. तेव्हाही ठकीला भरवायचं होतं. आता अर्धा तास काहीच करायचं नव्हतं, तेव्हा तो रडला. एवीतेवी भिजलेलाच होता, कुणाला कळलं नाही.

नाव परतली. तो लगबगीने आत चढला.

"ठकी, अजून एक फेरी?" नावाडीताईने विचारलं.

ठकीने नजर वर नेली. वर बघणं म्हणजे हो, डोळे मिटणं म्हणजे नाही. ही खूण आईने शिकवलेली.

"बाबांना घ्यायचं बरोबर?"

ठकीने बापाला ओल्या विजारीपासून टेंगळापर्यंत नीट न्याहाळलं आणि डोळे मिटले.

"अगं, एक तरी उघड!" बाप म्हणाला.

तिने ते आणखी घट्ट मिटले.

शिंप्याने तिची लाळ पुसली. खुर्चीचा पट्टा ओढून पाहिला. पक्का होता. दुसराही पाहिला. मग तो आपणहून काठावर उतरला.