आठ कोरांनी एकदम कूच केल्याची हकीकत

आदौ विजेस वंदन, मग नेटवर्कास, आणि मग जुना कोड लिहोन नोकरी सोडोन गेलेल्या पूर्वसुरींस मोठ्या मनाने क्षमा करोन, तिसऱ्या मजल्यावरील मोहिमेचा मजकूर लिहितो. वाचणारांनी चहा आधीच आणोन ठेवावा, पुढे उसंत नाही.

हकीकत ऐसी जे, खिडकीपाशी खासा प्रोग्रामर बाईसाहेबांचा तळ. तेथे कोडाचा चालता प्रोग्राम करावयाचा तर बिल्ड करावे लागे, म्हणजे छत्तीस कामे पार पाडावी लागत. मशीन नामी, आठ कोरांचे, एके वेळी आठ कामे उचलील ऐसे. परंतु एक कोर राबे आणि सात कोर हात बांधोन तमाशा बघत, आणि बिल्डास पन्नास मिनिटे लागत. कारण अकरा वर्षांमागे कचेरीतील जुन्याजाणत्या थोरल्या काकांनी, जे अद्याप कोपऱ्यातील खुर्चीचे वतनदार, कामांची एक रांग लाविली होती आणि त्या रांगेस हात लावणे ही बेअदबी, ऐसा दस्तूर पडला होता.

त्या रोजी मॅनेजरसाहेबांचे फर्मान सुटले की, बिल्ड फत्ते जाहल्यावाचून बाईसाहेबांनी खुर्ची सोडू नये. आणि बाईसाहेबांच्या कन्येची, उमर वर्षे नऊ, पोहण्याची शर्यत पाच वाजता, तलाव पाव तासाच्या वाटेवर. मागील दोन शर्यती बिल्डाने गिळिल्या होत्या, म्हणोन कन्येने सकाळीच सुनाविले होते, "आई, येणार नसशील तर आत्ताच सांग. मग मी उगाच वर गॅलरीत बघत नाही." हा घाव दिवसभर ठसठसत होता.

चार वाजता बिल्ड पंचेचाळिसाव्या मिनिटास आपटले. चूक किरकोळ, पाच मिनिटांत दुरुस्त जाहली, परंतु पुन्हा पहिल्यापासून पन्नास मिनिटे! मॅनेजरसाहेब तर दस्तुराप्रमाणे बिल्डाएवढ्याच लांबीच्या चहास रवाना जाहले. मग बाईसाहेबांनी पदर खोचला, रांग मोडिली आणि आठही कोरांस एकदम कूच करण्याचा हुकूम दिला. पंखा गर्जू लागला, टेबल थरथरले, आणि सातव्या मिनिटास पडद्यावर हिरवे निशाण फडकले. बाईसाहेबांनी पर्स उचलिली.

तो काकांनी मागून डोकावोन पाहिले आणि म्हणाले, "अगं, हिरवं झालंय खरं, पण आत काहीच नाही!"

जाहले ऐसे की, जुन्या फायली झाडोन टाकणारे काम आणि नव्या फायली बांधणारे काम एकाच फोल्डरात एकाच वेळी शिरले, मग एकाने भरावे आणि दुसऱ्याने फेकावे, ऐसा घोळ जाहला. बाईसाहेबांचे डोळे भरले. घड्याळी सव्वाचार वाजले होते.

मग काकांनी खुर्ची ओढिली आणि अकरा वर्षांचे गुपित उघड केले. "रांग काही हौसेनं नाही लावली गं. कोण कोणासाठी थांबतं ते लिहायचा कंटाळा आला होता, म्हणून सगळ्यांनाच थांबवलं. लिही आता." मग काका आठवोन सांगत आणि बाईसाहेब लिहीत, आणि छत्तिसांपैकी खरोखर थांबणारी कामे निघाली अवघी पाच. झाडणारे अव्वल, बांधणारे अखेर, आणि मधली सगळी आपापल्या वाटेने मोकळी केली.

चार वाजोन सत्तावीस मिनिटांनी दुसरे कूच जाहले, आणि नऊ मिनिटांत बिल्ड तडीस गेले. काकांनी प्रोग्राम उघडोन पाहिला, तो चालला. मॅनेजरसाहेबांस अर्ध्या चहावरोन उठविण्यात आले, आणि त्यांनी मोठ्या नाखुषीने रुखसत दिली.

तलावावर आठ पट्टे, मधे दोर ताणिलेले, कोणी कोणाच्या वाटेत नाही. शिट्टी होण्याआधी कन्येने, बघणार नाही म्हणाली होती तरी, वर पाहिले. वर आई धापा टाकीत उभी होती.

कन्या सहावी आली. बिल्ड नऊ मिनिटांत आले. उभय विजय एकाच तारखेस दर्ज केले असेत.